सोडली की सुटली?

गेल्या रविवारी दुपारी माझ्या हातून एक दोरी सुटली, असे एका वहीत निळ्या शाईने लिहिलेले आहे. ती सुटली नाही. मी ती सोडली. ‘सुटली’ म्हटले की सारे कर्तृत्व दोरीकडे जाते आणि ‘सोडली’ म्हटले की माझ्याकडे येते, आणि ज्या माणसाने तेरा वेळा गटांगळ्या खाऊन चौदाव्या वेळी ते कर्तृत्व मिळवलेले असते, त्याला व्याकरणातला एवढासा फरकही जिव्हारी लागतो.

प्रकरण वेकसर्फिंगचे आहे. बोटीच्या मागे जी लाट उठते, तिच्यावर बोर्ड घेऊन उभे राहायचे, एवढाच हा खेळ. उभे राहीपर्यंत आधाराला वीस-पंचवीस फुटांची जाडसर दोरी असते. लाटेने स्वतः ढकलायला सुरुवात केली की ती टाकून द्यायची आणि बोटीशी कसलाही संबंध न ठेवता बोटीच्या मागोमाग जात राहायचे. बोटीचा वेग ताशी १६ ते १९ किलोमीटर असतो, म्हणजे बऱ्यापैकी दमाच्या सायकलस्वाराएवढा. हा आकडा ऐकून मला किनाऱ्यावर हसू आले होते. या खेळाला वाटेल ती बोट चालत नाही; जिचा पंखा मागच्या टोकाला उघडा नसून तळाखाली बराच पुढे असतो, अशीच लागते, कारण स्वार बोटीच्या अगदी पाठीशी असतो. त्या बोटीच्या पोटात शेकडो किलो पाणी भरून तिला मुद्दाम जड करतात. बोट जितकी खोल बसेल तितकी लाट उंच, आणि पाण्याने भागले नाही तर माणसांनाही वजन म्हणून हव्या त्या बाजूला बसवतात.

माझा उजवा पाय पुढे पडतो. अशा लोकांना या खेळात ‘गूफी’ म्हणतात आणि त्यांच्या वाट्याला बोटीच्या उजव्या बाजूची लाट येते. म्हणून उजव्या बाजूच्या बाकावर वजन हवे होते, आणि तिथे माझ्या मित्राचे सासरे बसले होते.

“गूफी म्हणजे बावळट ना?” त्यांनी विचारले.

“पायांच्या ठेवणीचे नाव आहे ते,” मित्र सुकाणूवरून म्हणाला.

“पायांपुरतेच?” एवढे विचारून त्यांनी वही उघडली.

चालकाची नजर समोर असते, म्हणून मागच्या माणसावर लक्ष ठेवायला बोटीत दुसरा माणूस हवा, असा नियम अनेक ठिकाणी आहे आणि तो अत्यंत शहाणपणाचा आहे. परंतु तो माणूस उभी हयात परीक्षांच्या पर्यवेक्षणात घालवून निवृत्त झालेला असू नये, असे पोटकलम त्यात कोणी घातलेले नाही. पोहता येत नसल्याचे या गृहस्थांनी स्वतःच, काहीशा अभिमानाने, सांगितले होते. पूर्ण बाह्यांच्या शर्टावर त्यांनी लाइफ जॅकेट घातले होते, त्याचे सगळे पट्टे आवळले होते, आणि जॅकेटच्या फटीतून दोन पेने डोकावत होती.

“वही कशाला?” मी पाण्यातून विचारले.

“निरीक्षक नेमला म्हणजे नोंद आली. तुम्ही तुमचे चालू द्या.”

वहीत चार रकाने आखलेले होते: क्रमांक, वेळ, कालावधी आणि पडण्याचे कारण. पडण्यासाठी रकाना होता. न पडण्यासाठी नव्हता. मला तेव्हाच बाहेर यायला हवे होते.

आता पाण्यातून उठण्याची रीत सांगतो, कारण ती सांगणारे नेहमी कोरडे असतात. पाण्यात उताणे पडायचे, गुडघे छातीशी घ्यायचे, बोर्डाच्या कडेवर टाचा टेकवायच्या आणि दोरीची मूठ दोन्ही हातांनी धरायची. बोट हळूच पुढे निघते, दोरी ताणली जाते, टाचा दाबल्या की बोर्ड पाण्यातून उभा राहून तळव्यांना येऊन चिकटतो, आणि त्याच क्षणी पाण्याची एक भिंत छातीवर येते. इथे प्रत्येकाची बुद्धी एकच सल्ला देते, तो म्हणजे हात आखडून दोरी ओढण्याचा. ती ओढली की माणूस बोर्डावरून पुढे, नाकावर जातो. ओढायचे नाही, मागे रेलून बसायचे, बोटीला आपल्याला उचलू द्यायचे, हे मला पाचव्या खेपेला समजले. तोवर निम्मा जलाशय नाकातोंडावाटे आत जाऊन आला होता.

प्रत्येक पतनानंतर मित्र बोट वळवून माझ्याजवळ आणी, इंजिन नुसतेच घुरघुरत ठेवी, आणि सासरे कठड्यापाशी येऊन नोंद मोठ्याने वाचून दाखवीत. “क्रमांक तीन. चार सेकंद. गुडघे ताठ.” “क्रमांक पाच. सहा सेकंद. नजर पायाकडे.” एकदा दमून मी बोटीच्या मागच्या फळीला लटकलो, तर त्यांनी पेनाने मला हुसकले. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो, इंजिन चालू असताना त्या फळीला लटकायचे नसते, हे त्यांनी वाचून ठेवले होते. ते शंभर टक्के बरोबर होते. बरोबर असणारा माणूस बोटीत आणि चुकणारा पाण्यात, ही रचना मात्र फार वेळ सहन होत नाही.

सातव्या खेपेनंतर त्यांनी वही मिटून माझ्याशी मुद्द्याचे बोलायचे ठरवले.

“तुम्ही दोरी का सोडत नाही?”

“सोडली तर पडेन.”

“न सोडताही तुम्ही सात वेळा पडला आहात.”

मी गप्प राहिलो. कानात पाणी असल्याचे सोंग बरे पडते.

“म्हणजे दोरी धरण्याचा आणि न पडण्याचा काही संबंध आहे, असे निदान आजच्या नोंदींवरून दिसत नाही.”

“आपण कधी पाण्यात उतरला आहात का?” मी शक्य तितक्या आदराने विचारले.

“पर्यवेक्षकाने पेपर सोडवायचा नसतो.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी आजवर अलंकारिक समजत होतो. तो पाषाण खरोखर कोरडा होता. त्याच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

नववी खेप सर्वांत लांब टिकली. मी उभा होतो, बोर्ड डळमळत नव्हता, आणि लाट शेजारी काचेसारखी वळत होती. “ठीक आहे ना?” असे सासऱ्यांनी ओरडून विचारले आणि मी, आयुष्यभराच्या सवयीने, अंगठा वर केला. बोटीमागच्या खुणांच्या भाषेत अंगठा वर म्हणजे ‘वेग वाढवा’. ‘ठीक आहे’ म्हणायचे तर तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल करायचा असतो. सासऱ्यांना तो तक्ता तोंडपाठ होता. माझ्या चेहऱ्यावर आनंद आहे की प्राण कंठाशी आले आहेत, याची शहानिशा न करता त्यांनी चालकाला आदेश दिला, “वेग वाढवा!” वेग वाढला, लाट लांबट होऊन माझ्या पायाखालून सरकली, दोरीला हिसका बसला आणि मी तोंडावर आपटलो. वहीत लिहिले गेले: “क्रमांक नऊ. एकोणीस सेकंद. स्वतःच्या मागणीनुसार.”

बोट वळून येईस्तोवर पाण्यात तरंगण्यावाचून काही काम नसते, म्हणून माणूस विचार करतो. बोटीमागच्या लाटांचे गणित केल्व्हिन नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसनने १८८७ साली मांडले. खोल पाण्यात, बोट धिमी असो की वेगवान, तिच्यामागचा लाटांचा पाचर तिच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेएकोणीस अंशांतच पसरतो, असे ते गणित सांगते. बदक पोहले तरी तोच कोन. त्या पाचरातली बोटीमागची लाट बोटीच्याच वेगाने धावते. ताशी १८ किलोमीटरला तिच्या दोन माथ्यांमध्ये सुमारे १६ मीटरचे अंतर पडते. स्वार त्या लाटेच्या उतारावरून सतत खाली घसरत असतो आणि उतार सतत पुढे सरकत असतो, त्यामुळे तो पोहोचत कुठेच नाही आणि थांबतही नाही. उताराची ओढ आणि पाण्याचा अडथळा जिथे बरोबरीत येतात, त्या जागी दोरीचे काही काम उरत नाही. हे सगळे मला समजते. समजणाऱ्याला पडताना सूट मिळते, असे मात्र कुठे आढळले नाही.

माझी खरी तक्रार शिकवण्याविषयी आहे. पाण्यातून उठताना सांगतात, मागे रेल, दोरीवर भरवसा ठेव. ते अंगात मुरायला दोन तास, दोन्ही दंड आणि एक बरगडी खर्ची पडते. मग उभे राहताच तीच माणसे सांगतात, आता पुढच्या पायावर भार टाक, दोरी विसर. पुढचा पाय दाबला की बोर्ड वेग घेतो आणि मागचा दाबला की ब्रेक लागतो. मी घाबरलो की मागे रेलत होतो, कारण तेच मला शिकवले होते, मागे रेललो की मंदावत होतो, मंदावलो की दोरी ताठ होई, आणि दोरी ताठ झाली की बोटीतून चार जण एका सुरात ओरडत, “अरे, सोड ना! सोपे आहे!” ज्याच्या हातात काही नाही, त्याला सोडणे सोपेच असते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असे म्हणतात. माझा तर सुंभही शाबूत होता आणि भिजून आणखी घट्ट झाला होता. दहावी ते तेरावी, या चारही खेपांसमोर सासऱ्यांनी एकच कारण लिहिले: “दोरीचा मोह.” चौथ्यांदा तर त्यांनी नुसतेच ‘वरीलप्रमाणे’ असे खुणेने दाखवले.

आता चौदावी. उठलो. मूठ कमरेपाशी आणली. पुढच्या पायाचा अंगठा बोर्डात रुतेल इतका दाबला, आणि बोर्ड आपल्या आपण बोटीकडे सरकला. दोरी आधी थरथरायची थांबली. मग तिचा मधला भाग झोळीसारखा खाली आला, पाण्याला टेकला आणि पाण्यावर एक बारीक रेघ ओढत चालला. हातातल्या मुठीचे वजन नाहीसे झाले. इतका वेळ जिने खांदे उखडले होते, ती दोरी आता ओल्या टॉवेलासारखी लोंबत होती. मी एक हात काढला. मग दुसऱ्या हाताने मूठ बाजूला, लाटेच्या पलीकडे, खालून अलगद भिरकावली. अशीच टाकायची असते, म्हणजे ती परत पायात येत नाही. ती टपकन पाण्यात पडली आणि बोटीमागे फरफटत गेली. पायाखालून एक संथ, जाड ढकल येत होती, जणू कोणी न बोलता पाठीवर हात ठेवून पुढे नेत होते. माझ्या हिशेबाने नऊ सेकंद. त्या वेगाने पंचेचाळीस मीटर. मग मला वाटले की बोटीत कोणी बघत आहे का ते पाहावे, आणि ते पाहण्यासाठी मी मान वळवली.

बोट जवळ आली तेव्हा मित्र टाळ्या वाजवत होता. सासऱ्यांनी दोरी ओढून तिचे नेटके वेटोळे घातले होते आणि ते लिहीत होते.

“क्रमांक चौदा,” त्यांनी वाचले. “पाच सेकंद. दोरी सुटली. कारण: पकड सैल.”

“सुटली नाही, मी सोडली!”

“मला हात उघडलेला दिसला. हेतू दिसला नाही.”

“नऊ सेकंद होते!”

“दोरी हातात असेपर्यंतचा काळ मी धरला आहे. पुढच्या काळासाठी रकाना नाही.” मग, माझा चेहरा पाहून बहुधा दया आली असावी, त्यांनी आवाज खाली आणला. “हरकत असेल तर लेखी द्या. मी जोडून ठेवीन.”

मित्राने मला वर ओढून घेतले, कारण दंडांत स्वतः चढण्याइतके त्राण नव्हते. सासरे उजव्या बाकावरून तसूभरही हलले नव्हते. त्यांचे ते वजन दुपारभर तिथे नसते, तर माझी लाट वीतभर तरी बुटकी झाली असती, हे मित्राने मला परतताना सांगितले आणि माझा रागही धड पुरा होऊ दिला नाही.

हरकत मी आज लिहायला घेतली आहे. ‘सदर दोरी मी पूर्ण विचारांती, स्वेच्छेने सोडली’ इथपर्यंत लेखणी छान चालली. पुढे अडली. हाताला गोळे आले होते, बोटे बधिर झाली होती, आणि मूठ हातातून गेल्याचे मला कळले ते ती पाण्यात टपकन पडल्यावर. चार बोटे मी सोडवली, हे नक्की. अंगठ्याविषयी मी शपथेवर काही सांगू शकत नाही.