‘पैसे मोजूनही नदीवर मोकळीक नाही’ : आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

मेलबर्नच्या यारा नदीवरील आमच्या कयाकफेरीस आपण दोन तारे दिलेत आणि तीन तक्रारी मांडल्यात : वटवाघळांच्या जवळ नेले नाही, मधल्या काठावर उतरून डबा खाऊ दिला नाही आणि ‘वल्हवायला आलो होतो, इतिहासाच्या तासाला नव्हे’. येथील बरीच मराठी कुटुंबे नोंदणीपूर्वी हे अभिप्राय वाचतात, म्हणून उत्तर मराठीतच आणि थोडे विस्ताराने देत आहे.

आपण आलात त्या दुपारी पारा चाळिशीकडे सरकत होता. यारा बेंड उद्यानातील झाडांवर हजारोंच्या संख्येने लटकणाऱ्या करड्या डोक्याच्या फलाहारी वटवाघळांना अशा दिवशी नदीचाच आधार असतो. वटवाघूळ झाडावरून सुटते, पाण्याला समांतर खाली येते, छाती-पोटाचे केस क्षणभर पाण्याला टेकवून वर उठते आणि फांदीवर परतून ते ओले केस चाटते. पाणी पिण्याची आणि अंग थंड करण्याची त्याची हीच पद्धत. त्यासाठी त्याला समोर सरळ, मोकळे पाणी लागते. त्या पट्ट्यात दोन-चार कयाक आडव्या उभ्या राहिल्या, की ते पाण्याला न टेकताच वळते, पुन्हा घिरटी घालते आणि उन्हाने आधीच थकलेला जीव आणखी दमतो. डिसेंबर २०१९ मधील उष्णतेच्या लाटेत याच वसाहतीतील हजारो वटवाघळे दगावली. ही जात देशभरात असुरक्षित म्हणून नोंदलेली आहे, आणि निलगिरीच्या जंगलांतील परागीभवन बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून आहे. म्हणून आमच्या मार्गदर्शकाने आपल्या गटास काठालगत एका रांगेत थांबवले आणि स्पीकरवरची गाणी बंद करण्यास सांगितले. छायाचित्रे लांबून आली, हे खरे. पण आणखी पुढे नेले असते, तर वटवाघळांनी पाण्याला टेकणेच सोडून दिले असते आणि आपल्याला पाहायचे होते तेच दिसले नसते.

काठावर उतरण्याविषयी. तेथील माती भुसभुशीत आहे, आणि रोजच कोणी ना कोणी तेथे कयाक ओढू लागले, तर तो काठ ढासळायला वेळ लागणार नाही. पण मुद्दा तेवढाच नाही. व्हिक्टोरिया राज्याच्या नियमांनुसार नावाने नोंदलेल्या नद्या-ओढ्यांपासून २०० मीटरपर्यंतची जमीन साधारणपणे मूलनिवासी वारशाच्या दृष्टीने संवेदनशील मानली जाते, आणि त्या वारशाला इजा पोहोचवणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. नदीकाठच्या जुन्या रेड गम या निलगिरी जातीच्या वृक्षांच्या खोडांवर काही ठिकाणी लांबट व्रण दिसतात. होड्या, ढाली आणि भांडी करण्यासाठी वुरुंडजेरी लोकांनी, म्हणजे या भूमीच्या मूलनिवाशांनी, साल सोलून काढली त्याच्या त्या खुणा; झाड मात्र जगते आणि व्रणाच्या कडांनी नवी साल धरते. आपल्यापैकी एकाला अशाच एका खोडाला टेकून फोटो हवा होता. मार्गदर्शकाने नकार दिला, तो योग्यच होता.

इतिहासाविषयी आपण सर्वाधिक नाराज आहात आणि माझे आपल्याशी सर्वाधिक मतभेदही तेथेच आहेत. मेरी क्रीक हा ओढा यारास मिळतो त्या संगमाजवळ १८४५ च्या अखेरीस मूलनिवासी मुलांसाठी शाळा सुरू झाली आणि अवघ्या काही वर्षांत ती बंद पडली. वुरुंडजेरींचे प्रमुख बिल्लिबेलरी १८४६ मध्ये निवर्तले. हे सर्व, समोर रहदारीचा पूल दिसत असताना, पाण्यावर बसून ऐकण्यास दहा मिनिटे लागतात. ज्या लोकांनी ही भूमी कधीही कोणाच्या स्वाधीन केली नाही, त्यांच्या नदीवर व्यवसाय करून त्यांचा उल्लेखही टाळणे मला जमणार नाही. २०१७ च्या कायद्याने या नदीस एकसंध, सजीव अस्तित्व मानले असून कायद्याच्या नावातही वुरुंडजेरींची वॉय-वुरुंग भाषा आहे. नदीची ओटी भरणाऱ्या आपल्या लोकांना यात परके काही वाटू नये.

प्लॅटिपस हा चोचीचा जलचर प्राणी दिसला नाही, याचाही आपण ओझरता उल्लेख केला आहे. तो दाखवण्याचे आश्वासन आम्ही कधीच देत नाही. तो बहुधा पहाटे व सांजवेळी बाहेर पडतो आणि दुपारच्या गलक्यात तर त्याची आशाच नको.

अर्धे पैसे परत देण्याची आपली मागणी मात्र मान्य करता येणार नाही, कारण फेरी ठरलेल्या मार्गाने आणि ठरलेल्या वेळेत पूर्ण झाली. पुन्हा यावेसे वाटल्यास उन्हाळ्यात सकाळची पहिली फेरी निवडावी. मुसळधार पावसानंतर दोन दिवस शहराच्या गटारांचे पाणी नदीत असते, तेव्हा आम्ही फेऱ्या ठेवत नाही. डब्यासाठी फेअरफिल्ड उद्यानात टेबले आणि सावली आहे, तेथे गाण्यांनाही आमची हरकत नाही.

आपला,
संचालक