ढाक लावली, बोटं दोनच!

रविवारपासून डोकं ठणकतंय. इथं ओकून मोकळा होतो.

भाच्याची मॅटवरची कुस्ती होती. पोरगं लाल पोशाखात. पहिल्याच मिनिटाला समोरच्याचा हात काखेत आवळला, कंबर आत घातली आणि अशी ढाक लावली की गडी हवेत गिरकी घेऊन धपकन मॅटवर! शिट्ट्या, आरोळ्या, हलगी सुरू. मी उठून उभा. आणि पंचाच्या लाल पट्टीच्या हाताची बोटं वर आली किती? दोन!

अहो, दोन गुण तर पट काढून, म्हणजे पाय ओढून, नुसतं खाली बसवलं तरी मिळतात. उभ्यातून फेकून थेट पाठ मॅटकडे वळवून धोक्यात आणली की ४, उंचावरून आणली की ५, एवढं मलाही पाठ आहे. म्हणे पाठ वळली नाही, पोटावर पडला. पापणी लवते तेवढ्यात घडलेली गोष्ट हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणार, आणि मी मोबाइलवरचं शूटिंग घेऊन गेलो की "ते चालत नाही." मग ठेवा की स्वतःचा कॅमेरा! मंडपाला पैसे आहेत, पाहुण्यांच्या फेट्यांना आहेत. भाषणं चाळीस मिनिटं चालली, तेव्हा कुणाला घड्याळ दिसलं नाही.

पुढचं ऐका. त्या पठ्ठ्यानं एक डाव केला नाही, नुसता छाती लावून रेटत राहिला. आमच्याचा पाय रेषेबाहेर, एक गुण. परत रेटलं, परत एक. मग आमच्यालाच निष्क्रिय ठरवून गुण काढायला ३० सेकंद लावले, त्यात गुण निघाला नाही, म्हणून समोरच्याला आणखी एक. ३-२. गेली कुस्ती! २-२ वर थांबली असती तरी मोठा डाव आमचा म्हणून हात आमचाच वर झाला असता. ढाकेला दोन आणि ढकलाढकलीला तीन, हा कुठला हिशेब?

शेजारचे आबा म्हणाले, "मातीत असलं नसतंय." आबा, अर्धा-अर्धा तास खडाखडी करून बरोबरीत सोडवलेल्या जोड्या मी मातीतच बघितल्यात. आणि महाराष्ट्र केसरीला मातीतही गुणच मोजतात. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडची कुस्ती मातीतलीच होती ना? 'बाहेरची टांग' या डावाला चार गुण दिले, आणि दोन की चार म्हणून लोक मोबाइलवर तोच डाव मागेपुढे करत भांडत बसले. त्यातनं खालच्या स्पर्धांत काय बदललं? घंटा.

येताना गाडीत भाचा गप्प. मग शूटिंग मागून घेतलं, सावकाश पुढं सरकवत दहा वेळा बघितलं.

"मामा, वळलीय का ओ पाठ?"

काय सांगू त्याला? गडी खाली येतो त्याच क्षणी कुणा पाहुण्याचा फेटा आडवा आलाय.