‘कॉलम-बीम सोडून कुठेही झिरी मारा’ म्हणणाऱ्यांसाठी

घराचं काम काढलं की हा सल्ला मोबाइलवर येऊन पडतोच: ‘इमारतीचं वजन कॉलम-बीमवर असतं, भिंती नुसत्या आडोशाला. विजेच्या नव्या पॉइंटसाठी कुठेही, कशीही झिरी (वायरचा पाईप बसवायला भिंतीत कापलेली खाच) मारा. प्लास्टर केलं की भिंत पहिल्यासारखी. आपल्याच घरात विचारायचं कोणाला?’

कॉलम-बीमचं म्हणणं आरसीसी फ्रेमच्या, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्यावर उभ्या इमारतीपुरतं खरं. पण गिरगावातल्या काही चाळी, पुण्यातल्या पेठांमधली काही जुनी घरं, गावाकडची कितीतरी बांधकामं कॉलमशिवाय उभी आहेत. तिथे भिंत हाच कॉलम. उलट, मिव्हान शटरिंगच्या (अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतायची पद्धत) नव्या टॉवरात भिंतच सळया घातलेल्या काँक्रीटची असते. पाईप ओतकामाआधी बसवलेले असतात, नंतर कटर फिरवला की सळईला लागायची भीती.

‘कशीही’ हा शब्द तर सगळ्यात घातक. वीटबांधकामाचं भारतीय मानक आयएस १९०५ वजन पेलणाऱ्या भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालवून घेतं, आडवी फक्त एक षष्ठांश. म्हणजे नऊ इंची, २३० मिमीच्या भिंतीत उभी ७६ मिमी, आडवी जेमतेम ३८. आडवी शक्यतो टाळाच, आणि मारावीच लागली तर एक मीटरपेक्षा लांब नको. दोन उभ्या झिऱ्यांत दोन मीटर अंतर हवं, दार-खिडकीपासून ३४५ मिमी. अर्ध्या विटेच्या जाडीच्या, वजन पेलणाऱ्या भिंतीत झिरीच नको. कारण साधं आहे: भार वरून खाली उतरतो. उभी झिरी त्यातली एक अरुंद पट्टी खाते. आडवी झिरी तिच्या लांबीभर भाराची वाटच अरुंद करते, शिवाय वजन एका बाजूला सरकतं. तरी आडवीच मारली जाते, कारण एका बोर्डापासून दुसऱ्यापर्यंत पाईप वाचतो. तिरकी मारली तर आणखी वाचतो! मग वर्षभराने कोणीतरी फोटोफ्रेमसाठी ड्रिल लावतो. बोर्डाच्या सरळ रेषेत वायर असेल हा त्याचा अंदाज, आणि ती असते भलतीकडेच.

प्लास्टरने झिरी झाकली जाते, ताकद परत येत नाही. झिरी पाडली तेव्हाच तिथला भार शेजारच्या विटांवर गेला. नंतर भरलेला माल तो परत अंगावर घेत नाही.

विचारायचं कोणाला? सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमध्ये फेरबदल करायचे तर समितीची लेखी परवानगी लागते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांत दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्याला सूट आहे. नवीन वायरिंग मात्र परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं.

माझ्या स्वतःच्या घरात कॉलम नाहीत. एसीचा पॉइंट भिंतीवरून जाणाऱ्या केसिंग-पट्टीतून घेतला, झिरी न मारता. घरच्यांना ती पट्टी आवडली नाही, म्हणून पडद्यामागून फिरवली.