एक तारा, आणि रेघ झालेले बाकीचे तारे

नमस्कार सर,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलेला रिव्ह्यू वाचला. मग सोबतचे चारही फोटो मोठे करून पाहिले, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "पाच किलोपर्यंत काही काळजी नाही" असं सांगून आम्ही २,२०० रुपयांचा ट्रायपॉड तुमच्या गळ्यात मारला, हरिश्चंद्रगडावर त्याला सव्वा किलोचा कॅमेराही पेलला नाही, तारे रेघांसारखे आले, आणि खोका आधीच फोडलेला होता म्हणजे माल वापरलेला असणार.

खोक्याचं आधी संपवतो. प्लेट, स्क्रू आणि तिन्ही पायांची लॉकं तपासल्याशिवाय आम्ही ट्रायपॉड देत नाही, त्यामुळे आमच्याकडून जाणारा प्रत्येक खोका उघडलेलाच असतो. तो तुमच्यासमोर उघडायला हवा होता. माल नवाच होता.

पाच किलोची चूक मात्र सरळसरळ आमची. काउंटरवरच्या मुलाने खोक्यावरचा आकडा वाचून दाखवला. मी तेव्हा बँकेत गेलो होतो, पण ती सबब नाही. आकडा वाचून माल खपवायची सवय त्याला माझ्याकडूनच लागली. हा आकडा सगळ्या कंपन्या एकाच मापाने ठरवत नाहीत. फार तर एवढंच कळतं, की इतकं वजन ठेवलं तर स्टँड बसणार नाही. ते वजन हलणार नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. शिवाय वजन नुसतं किती यापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचं. भरलेली कळशी कडेवर घेऊन माणूस विहिरीपासून घरापर्यंत येतो, तीच हात लांब करून धरायला सांगा! तुमची ७०-३०० लेन्स ३०० वर नेली की नळी पुढे येते आणि सगळा भार पुढच्या बाजूला जातो. त्या लेन्सला स्वतःची कॉलर, म्हणजे लेन्सच थेट ट्रायपॉडवर बसवायची कडी, नाही, म्हणजे सगळं लोंबकळतं ते कॅमेऱ्याखालच्या एका स्क्रूवर. प्लास्टिकचं हेड, म्हणजे ट्रायपॉडचा कॅमेरा बसतो तो वरचा भाग, कितीही आवळलं तरी तिथे मान टाकणारच. पहाटेचा डोंगररांगेचा तुमचा फोटो हलला तो यामुळेच. त्या फोटोबद्दल मला काहीही बचाव करायचा नाही.

ताऱ्यांचा फोटो वेगळा आहे, आणि तिथे मी ट्रायपॉडची बाजू घेणार. तुम्ही छोट्या लेन्सने, ५५ मिलिमीटर झूमवर ३० सेकंदांचं एक्स्पोजर दिलंय, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं होतं. त्याच फोटोत खाली कड्याची कडा पाहा, दगडाची धार स्वच्छ आहे. ट्रायपॉड हलला असता तर आधी ती पुसली गेली असती. हलले ते तारेच. ३० सेकंदांत आकाश साडेसात कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतं, म्हणजे चंद्रबिंबाच्या साधारण पावपट. २४ मेगापिक्सेलच्या तुमच्या कॅमेऱ्यात ५५ ला ती तीसेक पिक्सेलची रेघ होते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, आणि आपल्याकडून पाहताना तारे पश्चिमेला किंचित उजवीकडे कलत मावळतात. तुमच्या रेघाही नेमक्या तशाच कलल्यात. १८ मिलिमीटरवर १५ ते १८ सेकंद ठेवलेत तर ठिपके ठिपक्यांसारखे येतील. दहा हजारांचा ट्रायपॉड असता तरी ५५ ला या रेघा आल्याच असत्या.

आणखी एक, रागावू नका. तुमच्या मित्राने काढलेल्या फोटोत ट्रायपॉडची मधली दांडी पूर्ण वर आहे आणि पायांचे खालचे दोन टप्पे मिटलेले. उलट हवं होतं. आधी पाय उघडायचे, वरच्या जाड नळीपासून सुरुवात करून, आणि दांडी अगदी गरज पडली तरच. दांडी वर गेली की तीन पायांवर एक काठी उभी केल्यासारखं होतं, त्यात कड्यावरचा वारा. हे विकताना सांगायला दोन मिनिटं लागतात. आम्ही ती दिली नाहीत.

तुम्ही मुलाला "हलका दे, पाठीवर न्यायचाय" म्हणाला होतात, तेही चूक नव्हतं. पाचनईकडच्या सोप्या वाटेनेही चढायचं तर प्रत्येक अर्धा किलो जाणवतो, आणि जड म्हणून घरी राहिलेला ट्रायपॉड काय कामाचा? पण हलका, भक्कम आणि स्वस्त यांतलं तिन्ही एकदम मिळत नाही. कार्बन फायबरचे पाय हलके असतात, थरथरही लवकर जिरवतात, पण खिशाला लागतात. तुमच्या कामाला मी ॲल्युमिनियमचाच सुचवेन: तीन किंवा चार टप्प्यांचे पाय, हेड वेगळं आणि धातूचं, दांडीखाली हुक. सॅक त्या हुकाला अडकवायची, पण तळ जमिनीला टेकेल एवढी खाली, नाहीतर वाऱ्यात तीच झोके घेते. आणि शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर.

तुमच्या रिव्ह्यूनंतर काउंटरवर एक गोष्ट सुरू केली आहे. गिऱ्हाइकाचाच कॅमेरा ट्रायपॉडवर चढवायचा, त्याची सगळ्यात लांब लेन्स पूर्ण झूम करायची, समोरच्या मेडिकलच्या पाटीवर लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं चित्र, मोठा करायचा आणि पायाला बोटाने टिचकी मारायची. अक्षरं किती वेळ थरथरतात ते त्याने स्वतःच पाहायचं. पहिल्याच दिवशी दोन जण २,२०० चा न घेता परत गेले. एक जण वेगळा घेऊन गेला.

तुमचा ट्रायपॉड घेऊन या. पूर्ण २,२०० परत मिळतील, आमच्याकडून दुसरा घ्यायची अट नाही. घ्यायचा असेल तर मी वर म्हटलाय तसा एक माझा स्वतःचा वापरातला आहे. एक शनिवार-रविवार तो गडावर नेऊन बघा, मग ठरवा. तारा एकच ठेवलात तरी हरकत नाही, फक्त वापरलेल्या मालाचं वाक्य तेवढं काढता आलं तर बघा.

बिल हरवलं असेल तरी चालेल. सोमवारी दुकान बंद असतं.

दुकानमालक