"कराची घेतली म्हन्ते टीव्हीवाले"

आमच्या हिंगणघाट तालुक्यापासून सरहद्द शेकडो कोस लांब. गावातल्या बहुतेकांनी पाकिस्तानी माणूस कधी समोर पाहिलेला नाही, पुढेही पाहतील असं वाटत नाही. तरी पाकिस्तानबद्दल ठाम मत नसलेला माणूस आमच्या पारावर शोधून सापडणार नाही. हे मत येतं कुठून? थोडं शाळेतून, बाकी सगळं टीव्हीतून आणि आता मोबाईलमधून. म्हणून टीव्ही काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, हा मला आमच्या गावाचा प्रश्न वाटतो. दिल्लीच्या तज्ज्ञांवर सोडून मोकळं व्हावं असा तो नाही.

कुणाच्या मनात शंका नको म्हणून आधीच सांगतो. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ निरपराध माणसं मारली गेली, त्यांत महाराष्ट्रातलेही होते. पुलवामात १४ फेब्रुवारी २०१९ रोजी सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यांतले दोघे आमच्या विदर्भातले, बुलडाणा जिल्ह्यातले. एक मलकापूरचा, एक लोणार तालुक्यातला. तेव्हाचा संताप खरा होता आणि तो माझाही होता, आजही आहे. दहशतवाद पोसणाऱ्यांना धडा शिकवलाच पाहिजे याबद्दल दुमत नाही, आणि सीमेवरच्या पोरांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. माझं भांडण आहे ते या संतापाचा धंदा करणाऱ्यांशी.

पहलगामनंतर पाकिस्तानशी लढाई पेटली तेव्हाची, ८ मे २०२५ ची रात्र आठवा. मे महिन्याची काहिली, अर्धं गाव अंगणात खाटा टाकून पडलेलं आणि घराघरांत टीव्ही सुरू. पडद्यावर लाल पट्ट्या, मागं विमानहल्ल्याचा भोंगा, आणि अँकर ओरडतोय: कराची बंदर उद्ध्वस्त, फौजा इस्लामाबादेत शिरल्या, त्यांचा लष्करप्रमुख ताब्यात. चौकात पोट्टे नाचत होते. शेजारच्या काकू मात्र दारात उभ्या होत्या. त्यांचा मुलगा फौजेत, तेव्हा जम्मूकडे. मला पाहून त्या म्हणाल्या, "भाऊ, कराची घेतली म्हन्ते टीव्हीवाले. मंग आता थांबतीन का हे? का आनखी पुढं जातीन? माहा पोरगा फोन नाई उचलून राह्यला." मी काय सांगणार होतो? मीही तेच चॅनल पाहत होतो. काकू पहाटेपर्यंत देवघरासमोर बसून होत्या.

सकाळी कळलं, कराची जागेवर आहे, इस्लामाबादही जागेवर आहे. यातलं काहीच घडलं नव्हतं. देशातल्या मोठमोठ्या चॅनलांनी रात्रभर जे दाखवलं ते खोटं होतं. काहींनी नंतर दिलगिरी व्यक्त केली, बहुतेकांनी पुढचा कार्यक्रम सुरू केला. त्या भोंग्याचं तर इतकं झालं, की १० मे रोजी केंद्राच्या नागरी संरक्षण महासंचालनालयाला सांगावं लागलं: कार्यक्रमात सायरन वाजवू नका, लोकांना त्याची सवय होईल आणि खरा सायरन वाजेल तेव्हा कुणी हलणार नाही. सरकारला हे चॅनलांना समजावून सांगावं लागलं, यावर वेगळं काय बोलणार! पलीकडं काही वेगळं नव्हतं. तिकडच्या चॅनलांवर त्यांच्या विजयाच्या कहाण्या, आणि दोन्हीकडच्या मोबाईलवर व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरत होती.

कुणी म्हणेल, लढाईच्या काळात लोकांचं मनोबल टिकवायला एवढं चालायचंच. आपल्या विदर्भाच्या माणसाला तरी हे सांगू नका. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६२ च्या चीन युद्धात आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धात खंजिरी घेऊन सीमेवर गेले होते. जवानांपुढं भजनं म्हटली, वीरगीतं म्हटली. मनोबल वाढवणं म्हणतात ते हे. आमच्या गावात आजही सामुदायिक प्रार्थना होते, आणि पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरंही त्याच गावातली असतात. त्या पोरांना खोटी कराची जिंकून दाखवायची गरज नाही.

बातम्यांपेक्षाही मला जास्त खटकतं ते मधल्या काळात हळूहळू बंद होत गेलेलं बाकीचं सगळं. ऐंशीच्या दशकात पाकिस्तानी नाटकांच्या, मालिकांच्या व्हिडिओ कॅसेटी आपल्याकडं भाड्यानं मिळायच्या. पुढं २०१४ मध्ये 'जिंदगी' नावाचं चॅनल आलं आणि तिकडच्या मालिका रोज संध्याकाळी घरात दिसू लागल्या. आमच्या घरच्या बायका त्या मन लावून पाहत. शिकलेल्या मुलीची नोकरी, सासूचा जाच, धाकट्या भावाचा हट्ट, लग्नाचा खर्च. त्यात बंदूक नव्हती, काश्मीर नव्हतं. बायको एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "यांच्याही घरी हेच चालते का?" तो प्रश्न मला कुठल्याही चर्चासत्रापेक्षा मोलाचा वाटतो. उरीच्या हल्ल्यानंतर सप्टेंबर २०१६ मध्ये त्या मालिका बंद झाल्या. ऑक्टोबरमध्ये पाकिस्ताननं भारतीय कार्यक्रम तिकडच्या टीव्हीवर, रेडिओवर बंद केले. त्यांनी तर १९६५ च्या युद्धानंतर भारतीय सिनेमांवर कित्येक दशकं बंदी ठेवली होती. आता उरलं काय? आपल्या पडद्यावर त्यांचा अतिरेकी आणि रोज रात्री शिव्या खायला बसवलेला एखादा निवृत्त अधिकारी. त्यांच्या पडद्यावर आपलं तसलंच काहीतरी. घर, अंगण, चूल, शेत सगळं गळून गेलं. ज्याचं घर कधी पाहिलं नाही त्याच्याबद्दल वाटेल ते खरं वाटतं. आज पंधरा-सोळा वर्षांचा जो पोरगा आहे, त्याला पाकिस्तानातलं स्वयंपाकघर कधी दिसलेलंच नाही.

दिसलं तर काय होतं, हे ऑगस्ट २०२४ मध्ये पाहिलं. पॅरिस ऑलिंपिकला पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं ९२.९७ मीटर भाला फेकून सुवर्ण नेलं, आपला नीरज चोप्रा ८९.४५ वर रौप्य घेऊन आला. नीरजची आई, पानिपतजवळच्या खेड्यातली शेतकऱ्याची बाई, म्हणाली की सुवर्ण जिंकलं तोही आमचाच मुलगा. तिकडं अर्शदच्या आईनंही नीरजला मुलासारखाच म्हटलं. आमच्या पारावर मात्र खरी चर्चा झाली ती वेगळ्याच बातमीची: अर्शदच्या सासऱ्यानं जावयाला बक्षीस म्हणून म्हैस दिली. म्हैस! किती दुधाची असेल, कोणत्या जातीची असेल, यावर म्हातारे अर्धा तास बोलत होते. पाकिस्तानवर एवढं बोलणं झालं आणि कुणाचा आवाज चढला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचंही सांगायला हवं. एप्रिल २०२५ मध्ये नीरजनं बेंगळुरूच्या स्पर्धेसाठी जगभरच्या भालाफेकपटूंना बोलावलं, त्यात अर्शदही होता. आमंत्रण पहलगामच्या आधी गेलेलं. हल्ला झाल्यावर नीरजला गद्दार ठरवलं गेलं आणि त्याच्या आईचं ते जुनं वाक्य उकरून काढून तिलाही शिव्या देण्यात आल्या. आठ महिन्यांपूर्वी याच वाक्यावर याच देशानं कौतुकाचा पाऊस पाडला होता. त्या पोराला स्वतःच्या देशप्रेमाचा खुलासा करावा लागला, याची मला आजही लाज वाटते.

अर्शद ज्या मियाँ चन्नू गावाकडचा, तो भाग खानेवाल जिल्ह्यात येतो, मुलतानच्या बाजूला. तो पट्टा कापसाचा. म्हणजे आपल्यासारखाच. तिकडच्या पऱ्हाटीवर पांढरी माशी, पानांचा चुरडा-मुरडा, आणि आपली ओळखीची गुलाबी बोंडअळीही. डोमकळी, म्हणजे अळीमुळं न उमलता मिटून राहिलेलं फूल, दिसली की पोटात गोळा येतो, बोंड फोडलं की आत अळी आणि कवडी झालेला कापूस निघतो. हे ज्याला सांगावं लागत नाही असा शेतकरी तिथंही आहे. किती वर्षं टीव्ही पाहतोय, ही गोष्ट मला कुठल्याही चॅनलनं सांगितली नाही.

त्याहून मोठी गोष्ट तर अशी की त्यांच्या सूतगिरण्यांना आपली रुई लागायची. आपल्या कापसाच्या मोठ्या गिऱ्हाइकांमध्ये एकेकाळी पाकिस्तान होता. पुलवामानंतर आपण त्यांच्या मालावर २०० टक्के आयात शुल्क लावलं, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरच्या निर्णयावरून त्यांनी व्यापारच तोडला. तिकडं कापसाचं पीक घसरत होतं, गिरण्या माल मागत होत्या. ३१ मार्च २०२१ रोजी त्यांच्या आर्थिक समन्वय समितीनं भारतातून कापूस आणि साखर आणायला मंजुरी दिली. दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, त्यांच्या मंत्रिमंडळानं काश्मीरचं कारण देऊन तो निर्णय फिरवला. गिरण्यांनी मग अमेरिका, ब्राझीलकडून लांबचा माल आणला. आमचं एक गिऱ्हाईक चोवीस तासांत आलं आणि गेलं.

हे गिऱ्हाईक टिकलं असतं तर क्विंटलमागं किती मिळाले असते, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. भाव अनेक गोष्टींवर ठरतो. पण एक खरेदीदार वाढला तर बाजारात काय फरक पडतो, हे जिनिंगच्या फाटकावर बैलबंडी लावून रात्र काढलेल्या कुणालाही विचारा. आणि एवढा मोठा निर्णय तिकडच्या सरकारनं का फिरवला? शत्रूशी व्यवहार केला म्हणून आपलेच लोक तुटून पडतील, ही भीती. ती भीती वर्षानुवर्षं पडद्यावरून पेरलेली आहे, तिकडंही आणि इकडंही. आपल्याकडचं सरकारही उद्या असा निर्णय घ्यायचा तर आधी रात्री नऊच्या चर्चेचा विचार करेल.

निवडणूक आली की चॅनलांच्या गाड्या आमच्या बांधावर येतात. माइक पुढं करून विचारतात, काका, पाकिस्तानला धडा शिकवला, कसं वाटतं? या वेळी आले तर मी त्यांनाच विचारणार आहे: १ एप्रिल २०२१ ला तुमच्या चॅनलवर काय चाललं होतं?