चहाचा पुडा आणि मिस अमेरिका

काल वाण्याकडे चहाचा पुडा घेताना कपाळावरचा चष्मा खाली ओढला. हल्ली एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरांत ग्रॅममागे किती पैसे पडतात तेही छापलेलं असतं. अर्ध्या किलोचा पुडा ५४ पैसे, पाव किलोचा ५१! "मोठा घ्या, स्वस्त पडतो" या श्रद्धेवर इतकी वर्षं संसार केला मी. तिथेच बेस मायरसन आठवली.

ही १९४५ ची मिस अमेरिका. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या रंगाऱ्याची मुलगी, हंटर कॉलेजात संगीत शिकलेली, धर्माने ज्यू. स्पर्धेच्या संचालिकाबाईंनी सुचवलं, नाव बदल, 'बेथ मेरिक' बरं वाटेल. ही म्हणाली, नाही. युरोपातल्या छळछावण्यांच्या बातम्या तेव्हा ताज्या होत्या. मुकुट मिळाला, पण ज्यू म्हणून जाहिरातदारांनी हात आखडता घेतला. मग ती शाळाशाळांतून वंशद्वेषाविरुद्ध भाषणं देत फिरली. वय वर्षं एकवीस.

पुढे टीव्ही. एका गाजलेल्या 'ओळखा पाहू' छाप कार्यक्रमाच्या पॅनेलवर ती १९५८ ते १९६७ दर आठवड्याला दिसायची. घराघरात चेहरा ओळखीचा झाला.

१९६९ मध्ये महापौर जॉन लिंडसे यांनी तिला शहराच्या ग्राहक व्यवहार खात्याची आयुक्त केलं. सुंदर बाई, टीव्हीवरची, म्हणजे नेमणूक शोभेचीच असणार, असं आपल्याकडेही लगेच म्हटलं गेलं असतं. पण हिच्या काळात न्यूयॉर्कने ग्राहक संरक्षणाचा स्वतःचा कडक कायदा केला आणि दुकानदारांना मालाच्या किमतीसोबत वजनामागे पडणारा दरही लावायला लावला. वाचायला किती रटाळ! पण पगार पुरवून खाणाऱ्या बाईला विचारा. माझं तर मत आहे की टीव्हीची सवय तिला इथेच उपयोगी पडली. असला नियम कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यांत समजावून सांगणं येरागबाळ्याचं काम नोहे.

आता दुसरी बाजू, कारण आरती ओवाळायला बसलेली नाही मी. १९८० ला सिनेटसाठी उभी राहिली, पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच हरली. नंतर महापौर कॉच यांच्या काळात सांस्कृतिक खातं मिळालं आणि तिथे घोटाळा झाला. प्रियकराच्या घटस्फोटाचा खटला ज्या न्यायाधीशबाईंपुढे होता, त्यांच्या मुलीला हिने आपल्या खात्यात नोकरी दिली. पद गेलं, खटला झाला, १९८८ च्या डिसेंबरात निर्दोष सुटली. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या एका दुकानातून ४४ डॉलरच्या किरकोळ वस्तू पैसे न देता नेताना पकडली गेली आणि गुन्हा कबूल केला. ग्राहकांची राखणदार, आणि दुकानात चोरी! सोसायटीच्या गप्पांना वर्षभर पुरला असता असा ऐवज.

२०१४ मध्ये, नव्वदाव्या वर्षी गेली. तिचं नाव काढलं की लोक मुकुट तरी सांगतात, नाहीतर खटला. मधली दुकानातल्या लेबलांची वर्षं कुणी काढत नाही.

मी पाव किलोचे दोन पुडे घेतले. वाणी म्हणाला, "ताई, मोठा नाही का न्यायचा?" त्याला पुडा उलटा करून दाखवला.