डोळ्यांनी खुणावणं: ‘एक जुना वाचक’ यांना उत्तर

अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरेसच्या मिलोंगांवर, म्हणजे लोक टँगो नाचायला जमतात त्या ठिकाणांवर, आम्ही लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही म्हणता: ‘परक्या बाईला डोळ्यांनी खुणावून बोलवायचं, ही कसली संस्कृती? मराठी नवरा-बायकोला असलं शिकवू नका. टँगो शोचं तिकीट काढावं, बघावं, परत यावं. भाव जुने, शाकाहारी खाण्यावर ओळ नाही. फुकटचा शहाणपणा.’

मतभेद असू द्या. पण ‘असलं’ आणि ‘फुकटचा शहाणपणा’ ही भाषा टोपणनावाआडून करायची नसते. लेखावर आमची दोघांची नावं आहेत. आम्ही टँगो शिकलो, त्या शहरात राहून नाचलो, मग लिहिलं. भाव जुने झालेत, हे मान्य. तिथल्या महागाईत पेसोतला आकडा टिकत नाही. निघण्याआधी त्या त्या जागी विचारून घ्यावं.

आता खुणावणं. त्याला काबेसेओ म्हणतात, आणि तुम्हाला त्यात जे दिसलं त्याच्या नेमकं उलट ते आहे. पुरुष आपल्या जागेवरूनच बाईकडे बघतो. तिने नजरेला नजर दिली तर मान किंचित हलवतो, तिने होकार दिला तरच उठतो. तिला नको असेल तर ती दुसरीकडे बघते आणि विषय तिथेच संपतो. कोणी टेबलाशी हात पुढे करून उभं राहत नाही, बाईला चारचौघांत ‘नाही’ म्हणावं लागत नाही. नवखे चुकतात ते पुढच्या पायरीला: होकार देऊन बाई लगेच उठते आणि कळतं की खूण मागच्या टेबलावरच्या बाईला होती. म्हणून तो समोर येईपर्यंत बसून राहायचं, नजर सोडायची नाही.

नवरा-बायकोचं म्हणाल तर हेच लेखात होतं, तुम्ही तिथवर वाचलं असतंत तर. जोडपं एका टेबलावर बसलं की सहसा त्यांना कोणी बोलवत नाही, तिथला रिवाजच तो. रिओबांबा रस्त्यावरच्या एल बेसोसारख्या पारंपरिक जागी बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, जोडपी वेगळी बसतात. फक्त एकमेकांबरोबर नाचायचं असेल तर दारातच ‘एकत्र’ सांगायचं. कोणाच्याही संसाराला धक्का लागत नाही.

एक होकार म्हणजे अख्खी तांदा, सलग वाजणाऱ्या गाण्यांचा संच: चार टँगो किंवा वाल्स (टँगोच्या अंगाचा वॉल्ट्झ), आणि मिलोंगा याच नावाच्या जलद प्रकाराची गाणी असतील तर बहुधा तीन. मग कोर्तिना वाजते, भलत्याच संगीताचा छोटा तुकडा, आणि फरशी रिकामी होते. आपल्याकडचे लोक पहिल्या गाण्यानंतर सभ्यपणे ‘ग्रासियास’ म्हणतात आणि जोडीदार दुखावून निघून जातो, कारण तांदेच्या मध्येच आभार म्हणजे ‘बस झालं’. ते शेवटीच मानायचे.

शो जरूर बघा, नर्तक अव्वल असतात. पण तिथल्या उंच लाथा रंगमंचासाठी असतात. मिलोंगात सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, पुढच्याला ओलांडत नाहीत, मागे पाऊल टाकत नाहीत. गर्दीत टाच उचलली की ती शेजारणीच्या नडगीवर बसते. फरशीवर उतरण्याआधी येणाऱ्या पुरुषाची नजर घ्यायची, त्याने वाट दिली की शिरायचं. रबरी तळव्याचे बूट नकोत: तळवा लाकडाला धरतो, वळताना पाय तिथेच राहतो आणि गुडघा पिळला जातो. चामड्याचा किंवा स्वेडचा तळवा हवा.

ही कसली संस्कृती? युनेस्कोने २००९ साली अर्जेंटिना आणि उरुग्वे दोघांच्या नावे मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलेली. आमच्या शब्दावर विश्वास नसेल तर ती यादी उघडा.

शाकाहाराचा लेख हा नव्हताच. तरी विचारलंत म्हणून: फुगास्सेता म्हणजे कांदा-चीजचा पिझ्झा, तिच्यासोबत हरभऱ्याच्या पिठाची फाइना, आणि मक्याच्या सारणाची उमिता एम्पानादा, म्हणजे करंजीसारखा पदार्थ. एम्पानादाच्या पिठात बरेचदा गाईची चरबी असते, ती विचारूनच घ्या.